वणव्यापासून घराचे व गोठ्याचे रक्षण

होळी जवळ आली की सह्याद्रीच्या उतारांवरील गवत वाळून कडक होते, पानझडीच्या झाडांखाली पाचोळ्याचा थर साचतो आणि ओहोळ आटतात. फेब्रुवारीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंतचा हा काळ वणव्याचा काळ होय. ह्या दिवसांत कोकणात व घाटमाथ्यावर रानास आगी लागतात, काजू-आंब्याच्या बागा होरपळतात आणि प्रसंगी डोंगराच्या कुशीत वसलेल्या वाडीपर्यंत आग येऊन पोहोचते. पावसाळ्याच्या तोंडावर घर जळाले तर कुटुंब उघड्यावर पडते. गोठ्यात बांधलेले बैल दगावले तर पेरणी खोळंबते आणि वैरण जळाली तर वाचलेली जनावरेही मिळेल त्या किमतीस विकावी लागतात.

वणवा कसा विझवावा ह्याविषयी गावोगाव माहिती दिली जाते. प्रस्तुत पाठात त्याच्या जोडीच्या एका प्रश्नाचा विचार केला आहे. वणवा वाडीजवळ आलाच, तर घर पेटू नये म्हणून घराच्या बाहेरच्या अंगास कोणत्या दुरुस्त्या कराव्यात, हा तो प्रश्न होय. त्यासाठी नवे घर बांधावे लागत नाही. आहे त्याच घराचे छप्पर, झरोके, भिंती, पडवी व अंगण ह्यांत थोडा फेरफार केला असता धोका पुष्कळ कमी होतो.

घर कशाने पेटते?

आगीचा मोठा लोळ डोंगरावरून येतो आणि घर गिळून टाकतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. घर तीन प्रकारांनी पेटते. पहिला प्रकार ठिणग्यांचा. वाऱ्याबरोबर उडालेली जळती पाने, काटक्या व सालींचे तुकडे कौलांच्या फटींतून माळ्यावर किंवा भिंतीलगतच्या सरपणावर पडतात. दुसरा प्रकार जमिनीवरून सरपटत येणाऱ्या आगीचा. गवत व पाचोळा जेथपर्यंत सलग असेल तेथपर्यंत ही आग येते. तिसरा प्रकार उष्णतेच्या झळीचा. मोठी ज्वाळा अगदी जवळ असेल, तरच नुसत्या झळीने लाकूड पेट घेते.

ज्या देशांत वणव्यांत हजारो घरे जळाली, तेथे ह्या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. १९९७ ते २००० ह्या काळात कॅनडाच्या उत्तरेकडील जंगलात शास्त्रज्ञांनी मुद्दाम आगी लावून प्रयोग केले. जंगलाच्या कडेपासून १०, २० व ३० मीटर अंतरांवर लाकडी भिंती उभारण्यात आल्या. १० मीटरवरील काही भिंतींनी पेट घेतला, परंतु २० व ३० मीटरवरील भिंती पेटल्या नाहीत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पॅराडाइज ह्या गावास ८ नोव्हेंबर २०१८ रोजी वणव्याने घेरले. त्या आगीत ८५ माणसे मृत्युमुखी पडली व १८,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. तेथे पुष्कळ ठिकाणी घराची राख झालेली असताना शेजारची झाडे मात्र हिरवी उभी असलेली दिसली. आगीचा लोळ तेथून गेला असता तर ती झाडेही जळाली असती. घरे पेटली ती ठिणग्यांनी, घराला लागून असलेल्या वाळक्या वस्तूंनी आणि शेजारच्या पेटलेल्या घरांनी.

आपल्याकडील वणवा बहुधा गवताचा व पाचोळ्याचा असतो. त्याची ज्वाळा त्या जंगलांतील आगीपेक्षा कमी उंच असते व ती एका जागी फार वेळ टिकत नाही. म्हणून येथे घर वाचविण्याची शक्यता अधिक आहे. मात्र ठिणगीला घराजवळ खाद्य मिळता कामा नये. पुढील सर्व दुरुस्त्यांचे मर्म एवढेच आहे.

छप्पर

घराचा सर्वांत मोठा उघडा भाग म्हणजे छप्पर. मंगलोरी कौले स्वतः जळत नाहीत. धोका असतो तो कौलांमधील फटींचा व त्यांवर साचलेल्या पाचोळ्याचा. वानरांनी सरकवलेली वा फोडलेली कौले पावसाळ्यापूर्वी बदलण्याची रीत आहे. ती दुरुस्ती जूनच्या तोंडावर न ठेवता जानेवारीतच उरकावी, म्हणजे एकाच खर्चात पाऊस व ठिणगी ह्या दोहोंपासून रक्षण होते. आढ्यावरील कौलांखालच्या पोकळ्या चुन्याच्या किंवा सिमेंटच्या गिलाव्याने बुजवाव्यात. दोन पाखी जेथे मिळतात त्या पन्हळीत बांबूची व आंब्याची पाने साठतात. ती शिडी लावून काढावीत आणि उन्हाळ्यात दर पंधरवड्यास पुन्हा पाहावे. पाखरांनी वाशांच्या बेचक्यांत केलेली रिकामी घरटीही काढून टाकावीत.

पत्र्याचे छप्पर असल्यास पत्रा व भिंत ह्यांमध्ये पत्र्याच्या नागमोडी आकारामुळे राहिलेली भोके माती-सिमेंटने भरावीत. छपरावर टाकलेली जुनी ताडपत्री, टायर व लाकडाच्या फळ्या उन्हाळ्यापूर्वी खाली उतरवाव्यात.

गवती छपरास धोका सर्वांत अधिक. शक्य असेल तेथे ते बदलून कौले घालणे हाच खरा उपाय होय. तूर्त तसे करता येत नसेल, तर छपरावर माती व भुसा एकत्र मुरवून त्याचा जाड लेप द्यावा. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने गवती छपरासाठी पावसाने न धुपणाऱ्या मातीच्या लेपाची पद्धत विकसित केलेली आहे. साधा लेप पावसात धुऊन जातो, म्हणून तो दरवर्षी हिवाळ्यात नव्याने द्यावा. लेपाने छपराचे वजन वाढते. त्यामुळे वासे कुजके वा वाळवी लागलेले नाहीत ह्याची खात्री आधी करून घ्यावी.

झरोके व फटी

कौलारू घरात भिंतीचा माथा व वासे ह्यांमध्ये सलग फट असते. घरातील उष्ण हवा व धूर तेथून बाहेर पडतो, आणि ठिणगी तेथूनच आत शिरते. माळ्यावर सुके गवत, सुतळी, जुन्या टोपल्या व सुपे असल्यास एक ठिणगी पुरे होते. तिचा धूर प्रथम कोणाच्या ध्यानातही येत नाही आणि वणवा पुढे निघून गेल्यावर दोन-तीन तासांनी घर आतून पेटते.

ह्या फटींना व झरोक्यांना धातूची बारीक जाळी ठोकावी. जाळीची भोके २ ते ३ मिलिमीटरांहून मोठी नसावीत. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी टिकाऊ असते. डासांसाठी मिळणारी नायलॉनची जाळी किंवा रोपवाटिकेतील हिरवी जाळी ह्या कामी निरुपयोगी आहे, कारण ती वितळून गळते. फटी मातीने पूर्ण बुजवू नयेत. चुलीच्या धुरास वाट राहिली पाहिजे. जाळीवर काजळी व धूळ बसते, म्हणून ती महिन्यातून एकदा झाडावी. जाळी बसविण्यापूर्वी माळ्यावरील अडगळ कमी करावी. नुसती जाळी लावली आणि माळा गवताने भरलेला ठेवला, तर काम अर्धेच झाले असे समजावे.

भिंती, कूड व झाप

दगड, चिरा, विटा व माती ह्यांच्या भिंती आगीस चांगला विरोध करतात. करवीच्या किंवा बांबूच्या कुडास मात्र दोन्ही बाजूंनी शेणामातीचा लेप असला पाहिजे. बाहेरच्या बाजूचा लेप पावसाच्या झडीने गळून पडतो व आतील काड्या उघड्या पडतात. दिवाळीनंतर असे भाग पुन्हा लिंपावेत. लेप बोटभर जाड असावा व तो जमिनीपर्यंत पोहोचावा. जमिनीलगतच्या वीतभर उघड्या कुडातच पाचोळ्याची आग प्रथम शिरते.

पावसाच्या माऱ्यापासून भिंती वाचाव्यात म्हणून पडवीस माडाच्या झावळ्यांचे झाप किंवा प्लॅस्टिकचे कापड बांधतात. पाऊस सरला तरी हे झाप पुष्कळ घरी तसेच राहतात व चैत्रात ते कागदासारखे पेटतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ते सोडून घरापासून दूर ठेवावेत. लाकडी दारे-खिडक्यांच्या तुटलेल्या फळ्या बदलाव्यात, म्हणजे प्रसंगी ती घट्ट लावून घेता येतील.

भिंतीलगतची पट्टी

भिंतीपासून दीड मीटर, म्हणजे सुमारे साडेतीन हात रुंदीची पट्टी घराभोवती पूर्णपणे मोकळी ठेवावी. सर्व उपायांत कमी खर्चाचा व अधिक गुणकारी असा हा उपाय आहे. ह्या पट्टीत सरपण, गोवऱ्या, काजूच्या बियांची पोती, करवंट्या, सुके नारळ, रिकामी खोकी व केरसुण्या ह्यांतील काहीही असू नये. जमीन सारवलेली असावी अथवा तीवर खडी वा चिऱ्याचे तुकडे पसरावेत. पंपाचे डिझेल, रॉकेल व फवारणीची औषधे पडवीत ठेवू नयेत.

सरपणाची अडचण खरी आहे. घरातील स्त्रियांस ते हाताशी हवे असते, म्हणून ते मागील भिंतीस टेकवून रचले जाते. ह्यावर तोड अशी की, दोन-तीन दिवसांपुरते सरपण घरात घ्यावे व उरलेला साठा घरापासून किमान १० मीटरवर, दगडाच्या ओट्यावर रचून वर पत्रा घालावा.

गोठा व वैरण

कोकणात गोठा पुष्कळदा घरास चिकटून असतो व त्याच्या माळ्यावर भाताचा पेंढा भरलेला असतो. म्हणजे घर, जनावरे व वर्षाची वैरण ही तिन्ही एकाच ठिणगीच्या तावडीत असतात. उन्हाळ्यापुरता तरी माळ्यावरील पेंढा कमी करावा. एका आठवड्यास पुरेल इतकाच पेंढा गोठ्यात ठेवून बाकीच्याची उडवी घरापासून व गोठ्यापासून ३० मीटर अंतरावर रचावी. एकच मोठी उडवी न रचता दोन लहान उडव्या निरनिराळ्या जागी रचाव्यात. एक जळाली तरी दुसरीवर पावसापर्यंत निभाव लागतो. उडवीभोवती ३ मीटर जमीन खरवडून साफ ठेवावी. उडवी डोंगराच्या अंगास नसावी.

गोठ्यातील दावी अशी असावीत की ती अंधारातही एका हिसक्यात सुटतील. ओढल्याने आवळत जाणारी गाठ मारू नये. गोठ्याचे दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे व त्यापुढे गाडी किंवा अवजारे उभी करू नयेत.

अंगणापलीकडील जमीन

दीड मीटरच्या पट्टीपुढे १० मीटरपर्यंत गवत वाढू देऊ नये व पडलेली पाने आठवड्यास गोळा करावीत. ती जाळण्यापेक्षा खड्ड्यात टाकून शेण व पाणी ह्यांनी कुजवावीत, म्हणजे खरिपास खत मिळते. भाजीचे वाफे, अळू व केळी अशी पाणी दिलेली पिके ह्या भागात असणे हिताचे असते. त्यापुढे ३० मीटरपर्यंत गवत कापून टाकावे व करवंदीच्या जाळ्या सलग न ठेवता त्यांत अंतर राखावे.

आंबा, फणस, कोकम ही हिरवी झाडे तोडण्याचे कारण नाही. मात्र छपरावर टेकलेल्या फांद्या काढून फांदी व छप्पर ह्यांत ३ मीटर अंतर ठेवावे. खालच्या वाळक्या फांद्या जमिनीपासून २ मीटरपर्यंत छाटाव्यात. तसे न केल्यास जमिनीवरची आग त्या फांद्यांच्या शिडीने शेंड्यास पोहोचते.

उताराकडे विशेष लक्ष द्यावे. आग चढावर वेगाने जाते. उताराचा कोन दर १० अंशांनी वाढला की तिचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणून टेकाडावरील घराने खालच्या अंगाची साफ केलेली पट्टी अधिक रुंद ठेवावी. डोंगराच्या पायथ्याच्या घरास वरून घरंगळत येणाऱ्या जळत्या ओंडक्यांचा धोका असतो. त्यास वरच्या बाजूचा दगडी गडगा चांगला आधार देतो. करवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते व नंतर वाळून जाते. ज्या डोंगरावर करवी नुकतीच फुलून गेली असेल, तेथे पुढील उन्हाळ्यांत जळण फार असते, हे ध्यानात ठेवावे.

काट्याकुट्यांचे कुंपण रानापासून थेट घरापर्यंत आलेले असल्यास ते दिव्याच्या वातीप्रमाणे काम करते. आग त्याच्या काठाने पडवीपर्यंत चालत येते. घरालगतचे किमान ३ मीटर कुंपण काढून तेथे गडगा घालावा.

वाडी एकत्र असेल तरच

वाडीत घरे जवळजवळ असतात. एक घर पेटले की ते स्वतःच मोठी चूड बनून शेजारच्या घरास पेटविते. म्हणून वाडीतील सर्वांत दुबळे घर जितके सुरक्षित, तितकीच वाडी सुरक्षित. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घराचे काम शेजाऱ्यांनी मिळून करावे.

नोकरीधंद्यासाठी मुंबईस गेलेल्या कुटुंबांची बंद घरे हा ह्यांतील मोठा प्रश्न आहे. अशा घराच्या अंगणात गुडघाभर पाचोळा साचतो, कौले सरकलेली असतात व आतील धूर बाहेर दिसेपर्यंत कोणास पत्ता लागत नाही. ही मंडळी शिमग्यास गावी येतात. त्या वेळी गावकीची बैठक घेऊन प्रत्येक बंद घराची सफाई कोणी करावी व प्रसंग आल्यास कुलूप उघडण्यासाठी किल्ली कोणाकडे असावी, हे ठरवून घ्यावे.

आगीचे मूळ पुष्कळदा गावातच असते. राब भाजताना सुटलेली आग, बांधावरचे पेटविलेले गवत, विडीचे थोटूक ही नेहमीची कारणे होत. गवत जाळल्याने पुढील वर्षी ते जोमाने येते, ही समजूत नुकसानकारक आहे. आगीने गवताचे बी व जमिनीवरील पालापाचोळ्याचे आच्छादन नष्ट होते आणि पहिल्या पावसात उघडी माती वाहून जाते. राब भाजावयाचाच असेल तर वारा पडलेला असताना, सकाळी, भोवतालची जमीन साफ करून व पाणी आणि माणसे हाताशी ठेवूनच भाजावा. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे.

कामाचा क्रम

सर्व कामे एकाच वर्षी करणे प्रत्येकास परवडेल असे नाही. म्हणून पुढील क्रम ठेवावा.

नोव्हेंबर-डिसेंबर : झाप उतरविणे, कूड लिंपणे, गवत हिरवट असतानाच कापून वैरणीस नेणे, उडव्या योग्य जागी रचणे. ह्या कामांस केवळ श्रम लागतात.

जानेवारी : कौले बदलणे, पन्हळी साफ करणे, सरपण हलविणे, भिंतीलगतची पट्टी मोकळी करणे, वाडीभोवती ३ ते ६ मीटर रुंदीची जाळरेषा गवत खरवडून तयार करणे. वनालगतच्या जाळरेषेसाठी वनरक्षकाचा सल्ला घ्यावा.

फेब्रुवारी ते जून : दर आठवड्यास पाने गोळा करणे, पिंपे भरून ठेवणे, शिडी व गोणपाट हाताशी ठेवणे.

पैसा उपलब्ध होईल तसतसे प्रथम जाळी, मग गडगा व शेवटी गवती छपराच्या जागी कौले, असा खर्चाचा क्रम असावा.

वणवा जवळ आल्यास

प्रथम माणसे, मग जनावरे, मग घर, हा क्रम कधीही मोडू नये. मुले, वृद्ध व आजारी ह्यांना ठरलेल्या वाटेने नांगरलेल्या शेतात किंवा नदीच्या मोकळ्या पात्रात आधीच न्यावे. ११२ ह्या क्रमांकावर व वनरक्षकास कळवावे. जनावरांची दावी सोडावीत. दारे-खिडक्या लावून घ्याव्यात. मागे राहणाऱ्या धडधाकट माणसांनी जाड सुती कपडे घालावेत, नायलॉनचे कपडे घालू नयेत. ज्वाळा माणसाच्या उंचीहून मोठ्या असतील किंवा धूर दाटला असेल, तर तेथे न थांबता निघून जावे. जळलेले घर पुन्हा उभारता येते, गेलेला माणूस परत आणता येत नाही.

आग पुढे गेल्यावर, धोका टळल्याची खात्री करून, परत यावे. मग माळा, कौलांखालचे वासे, गोठा व उडव्या ह्यांची तपासणी दर अर्ध्या तासाने करावी व ती रात्रभर चालू ठेवावी. पुष्कळ घरे आग येऊन गेल्यानंतरच्या काही तासांत, कोणाचे लक्ष नसताना जळतात. एक बादली पाणी ह्या वेळी जे काम करते, ते पुढे बंबानेही होत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी डिसेंबरमध्ये वाडीतून एक फेरी काढावी व घरमालकास बरोबर घेऊन प्रत्येक घर चारही बाजूंनी पाहावे. छपरावर पाचोळा आहे काय, फटींना जाळी आहे काय, भिंतीलगत दीड मीटर जागा मोकळी आहे काय, उडवी किती अंतरावर आहे, कुंपण घरास टेकले आहे काय आणि दावी सहज सुटतात काय, हे सहा प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहावीत. नुसते व्याख्यान देण्यापेक्षा वाडीतील एक घर सर्वांच्या साहाय्याने दुरुस्त करून दाखविणे अधिक परिणामकारक ठरते. होळीपूर्वी दुसरी फेरी काढून राहिलेली कामे पुरी करून घ्यावीत.

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांच्या साहाय्याने आगीची ठिकाणे हेरून नोंदणी केलेल्या व्यक्तींच्या भ्रमणध्वनीवर सूचना पाठविते. ग्रामपंचायतीतील एका जबाबदार व्यक्तीने अशी नोंदणी करावी. तथापि सूचना आली म्हणजे घर वाचले असे नव्हे. सूचना मिळाल्यापासून वणवा पोहोचेपर्यंतच्या थोड्या वेळात कौले बदलता येत नाहीत व उडवीही हलविता येत नाही. ती कामे होळीपूर्वीच झालेली असली पाहिजेत.